झेडरॅमच्या वाचन-लेखनाची साफसफाई : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

पतपेढ्यांच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही जे हातात धरायचं मशीन बनवतो, त्याच्या नव्या बोर्डवर कर्नल (लिनक्सचा गाभा) १६ केबीच्या पेजवर, म्हणजे मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वाटून, चालवायचं ठरलंय. जुनं मशीन ४ केबीवर आहे. रॅम दोन्हीकडे १ जीबीच, वाढवून मिळणार नाही. जुन्या मशीनवर झेडरॅम फक्त स्वॅपसाठी आहे, म्हणजे रॅम अपुरी पडली की बाजूला काढलेली पेजं ठेवायला. नव्यावर दुसरं एक झेडरॅम डिव्हाइस घेऊन त्यावर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम टाकायचीय, म्हणजे पावत्या छापताना बनणाऱ्या तात्पुरत्या फायली ईएमएमसीवर (मशीनच्या कायमच्या फ्लॅश साठवणीवर) जाणार नाहीत. सकाळी दादरच्या बाजारात फिरणारा एजंट दर दोन मिनिटांनी एक पावती फाडतो. तेवढ्यासाठी ईएमएमसी झिजवण्यात अर्थ नाही.

नव्याने टीममध्ये आलेल्यांसाठी थोडक्यात: झेडरॅम हे डिस्कसारखं वापरायचं ब्लॉक डिव्हाइस आहे, पण त्याची साठवण रॅममध्येच असते. वरून आलेलं प्रत्येक पेज दाबून लहान केलं जातं आणि झेडएसमॅलॉककडे (दाबलेल्या पेजांना जागा देणाऱ्या कर्नलच्या भागाकडे) ठेवलं जातं. कुठलं पेज कुठे ठेवलं हे एका टेबलात, दर पेजमागे एक स्लॉट. नितीन गुप्ता यांनी हे कॉम्पकॅश नावाने सुरू केलं. बराच काळ स्टेजिंगमध्ये (कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागात) काढून २०१४ च्या ३.१४ मध्ये ते कर्नलच्या मुख्य ड्रायव्हरांमध्ये येऊन बसलं.

आमचं कर्नल ६.१ आहे, कारण चिपवाले त्यापुढचं द्यायला तयार नाहीत. मुख्य कर्नलमध्ये २०२३ साली, ६.४ मध्ये, क्रिस्टॉफ हेलविग यांनी झेडरॅमची वाचन-लेखनाची वाट बरीच सरळ केली. ते पॅच (कोडमधले बदल) जसेच्या तसे आमच्याकडे बसत नाहीत, कारण मधल्या काळात आमच्याच लोकांनी त्या फायलीत हिशेबाचे आकडे घुसवलेत. शिवाय ४ केबीवर ज्या वाटेने कधी कोणी गेलंच नाही, तीच १६ केबीवर रोजची होणार. म्हणून पॅच आणून चिकटवायचे नाहीत. प्रत्येक बदल समजून घेऊन स्वतः लिहायचा, असं सरांशी बोलून ठरवलं.

४ जून, बुधवार

एक विनंती कुठून कुठे जाते ते कागदावर काढलं.

ब्लॉक लेयरकडून (कर्नलचा डिस्कच्या विनंत्या सांभाळणारा थर) बायो, म्हणजे एक विनंती, येतो. त्यात तीन गोष्टी: डिव्हाइसवर कुठल्या सेक्टरपासून, एकूण किती बाइट, आणि मेमरीचे कुठले कुठले तुकडे. सेक्टर नेहमी ५१२ बाइटचा, पेज कितीही मोठं असो. म्हणजे ४ केबीवर एका स्लॉटमध्ये ८ सेक्टर आणि १६ केबीवर ३२. सुरुवातीच्या सेक्टरवरून स्लॉटचा नंबर आणि स्लॉटच्या आतलं ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) असे दोन आकडे निघतात.

आमच्या कोडमध्ये हे दोन आकडे एकदाच, सुरुवातीला काढलेत. मग बाहेरचा लूप मेमरीच्या सेगमेंटवर फिरतो, आतला लूप प्रत्येक सेगमेंट स्लॉटच्या कडेला कापतो, आणि एक छोटं फंक्शन ते दोन आकडे हाताने पुढे सरकवतं. इथून सगळं एकाच फंक्शनमध्ये जातं, सोबत ‘वाचायचंय की लिहायचंय’ हे सांगणारा ऑपरेशनचा आकडा. तिथे पुन्हा फाटा. त्याखाली पूर्ण पेज वाचणारं फंक्शन आहे, त्यालाही बीव्हेक (मेमरीच्या एका तुकड्याचं पेज, ऑफसेट आणि लांबी) दिला जातो, पण ते त्यातलं फक्त पेज वापरतं. ऑफसेट आणि लांबी नुसतीच सोबत येते. वाचणाऱ्याला वाटतं की त्यांचाही काही उपयोग असणार, आणि तो शोधत बसतो.

एक गोष्ट खटकली. आतल्या लूपमध्ये लिहिणं फसलं की बायोवर एररचा शिक्का मारून ब्रेक होतं. पण हा ब्रेक फक्त आतल्या लूपमधून बाहेर काढतो. बाहेरचा लूप निवांत पुढचा सेगमेंट उचलतो, आणि स्लॉटचा नंबर मात्र जिथे फसलं तिथेच अडकलेला! म्हणजे पुढच्या सेगमेंटचा डेटा मागच्या स्लॉटमध्ये. नुकसान बायोच्या हद्दीबाहेर जात नाही आणि वरच्याला एरर कळते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसावं. तरी हे लिहिणं फसतं कधी? झेडएसमॅलॉकला जागा मिळत नाही किंवा ठरवून दिलेली मेमरीची मर्यादा भरते तेव्हा. म्हणजे मशीन आधीच मेटाकुटीला आलेलं असताना. अशा वेळी तरी कोडने सरळ वागायला हवं.

५ जून, गुरुवार

पहिला पॅच सोपा. बायो आत येताना ‘ही विनंती वैध आहे का’ असं तपासणारं फंक्शन होतं: डिव्हाइसच्या आकाराबाहेर जात नाही ना, लॉजिकल ब्लॉकच्या (डिव्हाइसवर वाचायच्या-लिहायच्या सगळ्यात लहान मापाच्या) पटीत आहे ना. ब्लॉक लेयर या दोन्ही गोष्टी आमच्यापर्यंत येण्याआधीच तपासतो. काढून टाकलं.

त्यासोबत अवैध विनंत्या मोजणारा आकडाही निरुपयोगी झाला. पण सिसएफएसमधल्या (कर्नल आपले आकडे जिथे फायलींसारखे दाखवतं तिथल्या) आयओ-स्टॅट फायलीत तो तिसऱ्या जागी छापला जातो, आणि आमची फील्डवरची स्क्रिप्ट जागा मोजून आकडे उचलते. कॉलम काढला तर चौथा आकडा तिसरा होईल आणि डॅशबोर्ड गुपचूप चुकीचं दाखवेल. तिथे कायमचं शून्य छापायचं. मुख्य कर्नलनेही हेच केलंय.

९ जून, सोमवार

आज या कामाचा गाभा असलेला पॅच.

हेलविग यांच्या मालिकेतला एक बदल वाचायला फार गोड आहे. ब्लॉक लेयरचा सेगमेंटवर फिरणारा मॅक्रो प्रत्येक तुकडा मेमरी पेजच्या कडेला स्वतःच कापून देतो. २०१९ च्या ५.१ पासून एका बीव्हेकमध्ये सलग अनेक पेजं मावतात, पण हा मॅक्रो आपल्यापर्यंत येऊ देतो तो पेजच्या आतला तुकडाच. मग आतल्या लूपने पुन्हा पेजच्या कडेला कापायचं कशाला? आतला लूप काढा, एकच लूप ठेवा.

आणि तिथेच तो बदल फसला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्ती पाठवली. कडा दोन आहेत. एक मेमरीच्या पेजची, दुसरी डिव्हाइसवरच्या स्लॉटची. आकार दोघींचा सारखा, जागा सारखीच असेल असं नाही. मॅक्रो पहिली सांभाळतो. आतला लूप दिसायला पहिलीसाठी होता, पण राबत होता दुसरीसाठी. स्वॅपमध्ये, आणि फाइलसिस्टिमचा ब्लॉक पेजएवढा असेल तर साध्या बफर्ड (कर्नलच्या कॅशेतून होणाऱ्या) वाचन-लेखनातही, दोन्ही कडा एकमेकींवर पडतात, त्यामुळे फरक कळत नाही. डायरेक्ट आयओ (कॅशे टाळून थेट प्रोग्रामच्या बफरमधून) किंवा एक्सएफएस या फाइलसिस्टिमच्या लॉगसारखं कर्नलच्या आतून होणारं लेखन आलं की त्या सुटतात.

जुन्या खतावणीतून नव्या वहीत नोंदी उतरवताना पहिली नोंद नव्या पानाच्या मध्यावर आली, की पुढे जुनं पान एका ठिकाणी संपतं आणि नवं दुसऱ्याच ठिकाणी. इथे तेच.

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही, म्हणून आकडे घेऊन बसले. पेज १६३८४ बाइट. समजा डायरेक्ट आयओने ३२७६८ बाइट वाचायचेत, डिव्हाइसवर ४०९६ पासून. वापरणाऱ्याचा बफर मेमरीत पेजच्या सुरुवातीपासून ५१२ बाइट पुढे आहे. ६.० नंतर बफरला लॉजिकल ब्लॉकची नव्हे, फक्त डीएमएची (हार्डवेअरने मेमरीत थेट वाचण्या-लिहिण्याची) अलाइनमेंट लागते, तेव्हा हे अगदी शक्य आहे.

पहिला तुकडा: मेमरी पेजमध्ये १५८७२ शिल्लक, स्लॉटमध्ये १२२८८. लहान तो घ्यायचा, १२२८८. स्लॉट संपला.
दुसरा: त्याच मेमरी पेजमध्ये ३५८४ उरले, नवा स्लॉट अख्खा शिल्लक. ३५८४. मेमरी पेज संपलं.
तिसरा: नवं मेमरी पेज अख्खं, स्लॉटमध्ये १२८००. घेतले १२८००.
चौथा: मेमरीत पुन्हा ३५८४.
पाचवा: उरलेले ५१२.

बेरीज ३२७६८. तीन स्लॉट, पाच तुकडे. हीच विनंती दोन्हीकडे सरळ रेषेत असती तर दोन तुकडे, तेही पूर्ण पेजचे.

यातला प्रत्येक तुकडा अर्धवट आहे, म्हणजे प्रत्येकासाठी अख्खा स्लॉट उलगडून बाउन्स पेजमध्ये (मधल्या तात्पुरत्या पेजमध्ये) आणायचा आणि हवा तेवढा भाग उचलायचा. मधला स्लॉट दोनदा उलगडतो, शेवटचाही दोनदा. लिहिताना तर पाच वेळा उलगडा, बदला, पुन्हा दाबा. इंटर्न लगेच म्हणाला, “मॅडम, बाउन्स पेज पुढच्या तुकड्यापर्यंत हातात ठेवलं तर?” ठेवता येईल. पण मग दोन तुकड्यांच्या मध्ये दुसऱ्या कोणी तो स्लॉट बदलला तर हातातलं पेज शिळं, म्हणजे लॉकिंगचा नवा पसारा. आमच्या पावत्यांच्या फायली बफर्ड लिहिल्या जातात, तिथे अशी ५१२ ने सरकलेली विनंती येणार नाही. बरोबर चाललं की पुरे.

१० जून, मंगळवार

नवा लूप लिहिला. ब्लॉक लेयरच्या इटरेटरची (विनंतीत आपण कुठवर आलो हे सांगणाऱ्या खुणेची) एक प्रत घ्यायची आणि काम संपेपर्यंत तिच्यावरच फिरायचं. प्रत्येक फेरीत इटरेटरच्या सेक्टरवरून स्लॉट आणि ऑफसेट नव्याने काढायचे. त्याच इटरेटरकडून मेमरीचा तुकडा मागायचा, तो पेजच्या कडेला कापलेला येतोच. त्याची लांबी ‘पेज वजा ऑफसेट’पेक्षा जास्त असेल तर तेवढ्यावर आणायची. काम करायचं. फसलं तर एरर लावून बाहेर. नाहीतर इटरेटर तेवढे बाइट पुढे सरकवायचा. बाइट उरलेत तोवर हेच.

स्लॉटचा नंबर आता कुठेही साठवून ठेवलेला नाही, दर वेळी सेक्टरवरून निघतो. हाताने पुढे सरकवणारं फंक्शन गेलं. लूप एकच असल्यामुळे ब्रेक खरोखर बाहेर पडतो. ४ तारखेची घसरगुंडी वेगळी न दुरुस्त करता गेली. सेक्टरवरून आकडे काढायचं शिफ्ट आणि अँड दर फेरीत जास्त होतं हे खरं, पण बाजूला एलझेड४ हा दाबणारा अल्गोरिदम अख्खं पेज दाबत असताना त्याचं काय कौतुक!

अर्धवट तुकडा ओळखणारी तपासणी आमच्याकडे कंपाइल होतानाच ठरायची: पेज ४ केबीचं असेल तर उत्तर कायम ‘नाही’. लॉजिकल ब्लॉक ४०९६ आणि पेजही ४०९६, मग अर्धवट येईलच कसं, हा त्यामागचा हिशेब. डिव्हाइसच्या बाजूने तो बरोबर आहे. मेमरीच्या बाजूने नाही. बफर ५१२ ने सरकलेला असेल तर पहिला तुकडा ३५८४ चा येतो, आणि ‘पूर्ण पेज’ समजून वाचलं तर बफरच्या आधीच्या ५१२ बाइटवरही लिहिलं जाईल. आमच्या कोडमध्ये तपासणी सगळ्या पेज-आकारांना सारखी केली: लांबी पेजएवढी नाही म्हणजे अर्धवट. तुलना एकच, तिच्यासाठी हॅशइफ (कंपाइल होताना ठरणारी अट) नको.

१३ जून, शुक्रवार

वाचन आणि लेखन वेगळं केलं. वरून बायो आला की ऑपरेशन बघून सरळ चार रस्ते: वाचन, लेखन, डिस्कार्ड (जागा सोडणं), राइट-झीरोज (शून्य भरणं). त्याखाली ‘हे वाचन आहे का’ असं पुन्हा कोणी विचारायचं नाही. फसलेल्या वाचनाचा आकडा वाचनाच्या लूपमध्ये वाढतो, लेखनाचा लेखनाच्या. वाचून झाल्यावर डेटा कॅशे फ्लश करण्याची ओळ वाचनातच राहिली, आधी ती अटीआड होती.

पूर्ण पेज वाचणाऱ्या फंक्शनला आता फक्त पेज आणि स्लॉट नंबर द्यायचा. अर्धवट वाचन हे त्याच्याभोवतीचं पातळ वेष्टण: बाउन्स पेज घ्या, पूर्ण वाचा, तुकडा उचलून बीव्हेकमध्ये टाका, पेज सोडा. याचा एक फायदा लगेच मिळाला. दाबून न दबलेली पेजं बॅकिंग डिव्हाइसवर (झेडरॅमला जोडलेल्या खऱ्या डिव्हाइसवर) टाकणारा कोड आधी नुसतं पेज वाचायला खोटा बीव्हेक बनवायचा. ते बंद.

बाउन्स पेज हायमेममधून (३२ बिटवर वापरण्याआधी मॅप करावी लागणारी मेमरी) मागितलं जायचं, तेही काढलं. लगेच त्यातून कॉपी करायचीय, मग आधी हायमेममधून घ्या आणि वर मॅप करा, हा उद्योग कशाला. आमच्या ६४ बिटवर तसाही फरक नाही.

१६ जून, सोमवार

पाऊस. निम्मी टीम घरून. बोर्ड मरोळच्या ऑफिसात असल्याने मला यावंच लागलं. लॅबच्या कोपऱ्यात छत गळतंय, बोर्ड उचलून दुसऱ्या टेबलावर नेले, सिरियल केबल पुरत नाही म्हणून अर्धा दिवस गेला. कोड नाही.

१८ जून, बुधवार

बॅकिंग डिव्हाइसवरून वाचण्याची वाट. ही सगळ्यात किचकट.

४.१४ पासून झेडरॅमला खरं डिव्हाइस जोडता येतं. जे पेज दबत नाही किंवा बराच वेळ कोणी वापरलं नाही, ते तिकडे ढकलून रॅम मोकळी करायची. आमच्याकडे ईएमएमसीचं एक छोटं पार्टिशन दिलंय. तिथलं पेज परत वाचायचं असेल तर दोन प्रकार. अख्खं पेज हवं असेल तर सोपं: नवा बायो बनवायचा, तो मूळ बायोला साखळीने जोडायचा, पाठवून द्यायचा आणि मोकळं व्हायचं. ईएमएमसीने डेटा थेट वापरणाऱ्याच्या पेजमध्ये टाकला की मूळ बायो आपोआप पूर्ण होतो.

अर्धवट हवं असेल तर थांबावं लागतं. डेटा आधी बाउन्स पेजमध्ये यायला हवा, मग त्यातला तुकडा आम्ही उचलणार. ४ केबीवर या फाट्याला आमच्याकडे कधी कोणी गेलंच नव्हतं. १६ केबीवर ईएक्सटी४ चा ब्लॉक ४ केबी, तेव्हा कधीतरी जाणारच.

आणि थांबण्यातच गोम आहे. आम्ही ब्लॉक लेयरच्या सबमिटमधून हाक येऊन आत आलेले असतो. अशा वेळी तिथून दुसरा बायो सबमिट केला तर ब्लॉक लेयर तो लगेच चालवत नाही. चालू टास्कच्या यादीत टाकून परत येतो, आणि ड्रायव्हर बाहेर पडल्यावरच यादीला हात लावतो. स्टॅक भरून वाहू नये म्हणून केलेली ही सोय आहे. पण आपण तिथेच थांबून राहिलो तर? आपण बायोसाठी थांबलोय, बायो आपण बाहेर पडायची वाट बघतोय. बसा दोघे! म्हणून अर्धवट वाचन वर्कक्यूला (दुसऱ्या थ्रेडकडून काम करून घेणारी रांग) दिलेलं असतं: दुसऱ्या थ्रेडला ही यादी लागू नाही, तो सबमिट करून थांबू शकतो, आणि आपण त्या थ्रेडचं काम संपायची वाट बघतो.

इथवर रचना ठीक. पण आमच्या कोडमध्ये तो दुसरा थ्रेड करतो काय? तोच साखळीवाला प्रकार. बायो बनवतो, मूळ बायोला जोडतो, सबमिट करतो आणि संपतो. थांबत नाही. ‘काम संपलं’ याचा अर्थ इथे ‘सबमिट झालं’ इतकाच. आम्ही लगेच बाउन्स पेजमधून तुकडा उचलतो, तेव्हा ईएमएमसीवरून एक बाइटही आलेला नसू शकतो. त्याहून वाईट म्हणजे उचलून झालं की आम्ही बाउन्स पेज सोडून देतो. ते पेज दुसऱ्या कोणाला मिळतं आणि मग ईएमएमसीचा डीएमए येऊन त्यावर लिहितो. वापरणाऱ्याला चुकीचा डेटा, आणि भलत्याच कोणाच्या मेमरीवर कचरा.

हेलविग यांच्या मालिकेत ‘सिंक्रोनस वाचन दुरुस्त करा’ असा वेगळा पॅच याचसाठी आहे. वर्करमध्ये बायो स्टॅकवरच बनवायचा, साखळी जोडायची नाही, सबमिट करून तिथेच थांबायचं, आणि जे काही उत्तर आलं ते मागे द्यायचं. आधी वाचनाची एरर या वाटेने वर पोचायचीच नाही. साखळी फक्त अख्ख्या पेजच्या वाचनाला. एका फंक्शनला ‘सिंक आहे का’ असा झेंडा देण्याऐवजी आता दोन वेगळी फंक्शनं आहेत आणि दोघांची वचनं वेगळी: एक म्हणतं ‘पाठवलंय’, दुसरं म्हणतं ‘आलंय’.

हा पॅच मालिकेत सगळ्यात पुढे ठेवायचा असं माझं मत. साफसफाई कोणी परत केली तरी हा राहिला पाहिजे.

२० जून, शुक्रवार

डिस्कार्डवरून सरांशी वाद झाला. मुद्दा त्यांचा योग्यच होता, पण उत्तर आधीच कोडमध्ये आहे.

डिस्कार्ड स्लॉटच्या मध्येच सुरू झाला तर झेडरॅम तो अर्धा स्लॉट सोडून देतं आणि पूर्ण स्लॉटच रिकामे करतं. सर म्हणाले, “अहो, पण अर्ध्या स्लॉटमध्ये शून्य भरायला नको का? आपल्याकडे आता अर्धवट लिहायची सोय आहे.” सोय आहे. पण डिस्कार्ड म्हणजे ‘हे आता नको, जागा मोकळी कर’. जागा मोकळी करायला पेज उघडा, निम्मं पुसा आणि पुन्हा दाबून ठेवा, यात सीपीयू जळतो आणि रॅम फारशी सुटत नाही. डिस्कार्ड हा सल्ला आहे, सोडला तरी चालतो.

राइट-झीरोज मात्र सल्ला नाही. तिथे नंतर वाचल्यावर शून्यच आलं पाहिजे. दोन्ही एकाच फंक्शनकडे जातात, म्हणून पेज आणि लॉजिकल ब्लॉक सारखे असतील तरच राइट-झीरोजची मर्यादा जाहीर केली जाते. १६ केबीवर ती शून्य राहते, ब्लॉक लेयर स्वतःच शून्यांची पेजं लिहून पाठवतो, आणि झेडरॅम एकाच मूल्याने भरलेलं पेज ओळखून फक्त ते मूल्य ठेवतं, पेज दाबतसुद्धा नाही. हे कळल्यावर सर म्हणाले, “मग ही अट कोणी ‘साफसफाई’ म्हणून काढू नये, एवढं लिहून ठेवा.” कमेंट लिहिली.

त्याच पॅचमध्ये डिस्कार्डला सेक्टर आणि लांबी बायोमधून स्वतःच काढायला लावली. आधी ती बाहेरून दिली जायची.

२४ जून, मंगळवार

टेस्टसाठी तयार साधनं आहेत, पण मला हवा तो कोन त्यांतून हमखास सापडेल असं नाही. म्हणून इंटर्नने छोटा प्रोग्राम लिहिला. डिव्हाइसच्या प्रत्येक ५१२ बाइटवर तो स्वतःचा सेक्टर नंबर आणि कितव्यांदा लिहिलं हा आकडा लिहितो. तेच एका साध्या अ‍ॅरेमध्येही ठेवतो. मग डायरेक्ट आयओने कुठल्याही ४०९६ च्या पटीवरून, कितीही लांब, आणि बफर पेजमध्ये ५१२ च्या कुठल्याही पायरीवर ठेवून वाचतो-लिहितो. बफरच्या मागे-पुढे ठरावीक खूण भरलेली, ती पुसली गेली की ओरडतो.

चुकल्यावर ‘डेटा जुळत नाही’ एवढंच कळलं असतं तर दिवस गेला असता. सेक्टर नंबर लिहिल्यामुळे कुठला डेटा कुठे जाऊन पडला तेच छापून येतं. मुद्दाम ९ तारखेचा तो गोड, दुरुस्तीआधीचा लूप लावून बघितला, तर स्लॉटच्या कडेवरचे सेक्टर लगेच ओळीने आले. आमच्या लूपवर शांत. ४ केबी, १६ केबी आणि ६४ केबी असे तिन्ही बिल्ड लावले, ६४ केबीचं क्यूएमू या एम्युलेटरवर.

बॅकिंग डिव्हाइसची वाट तपासायला त्याने न दबणारा कचरा भरला, सगळं ईएमएमसीवर ढकललं, आणि मग ४ केबीचे तुकडे उलटसुलट वाचले. जुन्या कोडवर शून्यं परत आली, म्हणजे डेटा येण्याआधीच आम्ही उचलला होता. कागदावर जे दिसलं होतं ते बोर्डवर दिसल्यावर बरं वाटतं, विशेषतः सरांना दाखवायला.

२७ जून, शुक्रवार

इंटर्नने आज जे विचारलं त्याने संध्याकाळ खाल्ली.

“मॅडम, दोन थ्रेड एकाच स्लॉटच्या वेगवेगळ्या ४ केबीवर एकदम लिहायला लागले तर?” अर्धवट लेखन म्हणजे वाचा, बदला, लिहा. स्लॉटचं लॉक वाचताना घेतलं जातं आणि सुटतं, लिहिताना पुन्हा घेतलं जातं. मधल्या वेळात काहीच धरलेलं नाही. दोघांनी जुनं पेज वाचलं, दोघांनी आपापला तुकडा बदलला, जो शेवटी लिहील त्याचं राहणार. पहिल्याचं लेखन गायब, आणि एरर कोणालाच नाही.

फाइलसिस्टिमला हे मान्य नाही. तिच्या दृष्टीने ते दोन वेगळे ब्लॉक आहेत, एका वेळी लिहायचा तिला हक्क आहे. साफसफाईने हे आणलेलं नाही, आधीही असंच होतं. ४ केबीवर स्लॉटमध्ये ब्लॉकच एक, म्हणून टक्कर नव्हती.

स्लॉटचं लॉक पूर्ण वेळ धरता येत नाही. ते एका बिटचं स्पिनलॉक आहे (मिळेपर्यंत सीपीयू जागीच फिरत राहतो), ते धरून झोपता येत नाही, आणि मध्ये ईएमएमसीची वाट बघावी लागू शकते. प्रत्येक स्लॉटला म्युटेक्स (धरून झोपता येणारं लॉक) द्यायचं तर टेबल फुगेल, आणि रॅम वाचवायलाच तर हे सगळं चाललंय. दर डिव्हाइसमागे थोडीशी म्युटेक्स, आणि स्लॉटच्या नंबरवरून त्यांतलं एक निवडायचं, हे जमेल.

पण ते फक्त अर्धवट लेखनाने घेऊन भागत नाही. एकाने जुनं पेज वाचून ठेवलं, मध्येच दुसऱ्याने तोच स्लॉट अख्खा लिहिला, मग पहिल्याने जुन्या पेजमध्ये आपला तुकडा टाकून परत ठेवलं: दुसऱ्याचं तीन चतुर्थांश लेखन गेलं. म्हणजे पूर्ण लेखनानेही तेच म्युटेक्स घ्यायला हवं. आणि म्युटेक्स धरून बाउन्स पेज मागताना मेमरी मोकळी करण्याचं काम परत आमच्याच दारात येता कामा नये, तिथे नो-आयओचा (मेमरी मिळवताना डिस्कला हात लावू नको, असं सांगणारा) झेंडा लागणारच. तो आजही आहे. कोणी हलवू नये.

१ जुलै, मंगळवार

रिव्ह्यू झाला. सिंक्रोनस वाचनाची दुरुस्ती पुढे घेतली. त्यामागे वैधतेची तपासणी काढणं, डिस्कार्ड, मग नवा लूप. लूपच्या पॅचमध्ये स्लॉटची कड सुरुवातीपासूनच आहे. मुख्य कर्नलसारखं आधी मोडून मग जोडायचं नाही, नाहीतर बायसेक्ट करणारा (कुठल्या बदलाने बिघडलं ते मधोमध कापत शोधणारा) त्या दोन कमिटच्या मध्ये अडकेल. वाचन-लेखन वेगळं करणं त्यानंतर, आणि बीव्हेकच्या जागी पेज देणं सगळ्यात शेवटी, कारण त्याने वागणूक बदलत नाही आणि आमच्या हिशेबाच्या आकड्यांशी सगळ्यात जास्त मारामारी तिथेच आहे.

म्युटेक्सचा पॅच या मालिकेत नाही. सरांचं म्हणणं, एकदाच सगळं देऊन टाका. मी नाही म्हटलं: या मालिकेने वेग बदलता कामा नये आणि म्युटेक्सने तो बदलणार, दोन्ही एकत्र गेले तर उद्या मशीन मंद झाल्यावर कोणाकडे बघायचं? तो वेगळा येईल. तोवर १६ केबीच्या बोर्डवर झेडरॅम फक्त स्वॅपला. स्वॅप नेहमी अख्खी पेजं लिहितो, तिथे ही टक्कर होत नाही. पावत्यांच्या फायली तात्पुरत्या टीएमपीएफएसवर, म्हणजे न दाबता थेट रॅममध्ये. रॅम जास्त खाईल, पण एजंटची पावती हरवण्यापेक्षा परवडलं.

इंटर्न या टकरीचा टेस्ट लिहितोय: एकाच स्लॉटचे चार ब्लॉक, चार थ्रेड, प्रत्येकाचा वाढता आकडा, आणि कोणाचा आकडा मागे गेला की थांब. म्युटेक्सआधी तो पडलाच पाहिजे, तेव्हाच त्या पॅचला हात लावायचा.